अपघातानंतरचा पीटीएसडी आणि चुंबकीय उपचार : पैसे भरण्याआधी

प्रश्न : माझे मिस्टर ३९ वर्षांचे आहेत, हिंजवडीत नोकरी करतात. दोन वर्षांपूर्वी नवले पुलाजवळच्या अपघातात गाडी ते चालवत होते. शेजारी बसलेला मित्र जागीच गेला. यांच्या डोक्याला मार लागला, थोडा वेळ शुद्ध नव्हती, गालाच्या हाडात प्लेट बसवली. तेव्हापासून गाडीला हात लावत नाहीत, महामार्ग टाळतात, ट्रकचा हॉर्न ऐकला की दचकतात, रात्री ओरडत उठतात, मुलांवर खेकसतात. सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम चालू आहे. अलीकडे रात्री दोन पेग घेतात. एका क्लिनिकने मेंदूला चुंबकीय लहरी देण्याची ३० सेशन्स सुचवली आहेत. ‘सैनिकांवर यशस्वी झालेला उपचार आहे, हमखास गुण येतो’ असं म्हणाले. हा शॉकच असतो का? करून घ्यावा का? – एक वाचक, वडगाव बुद्रुक

उत्तर :

ताई, मुख्य गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. हा शॉक नाही. हा उपचार खरा आहे, नैराश्यात मी स्वतः तो वापरते. पण तुमच्या मिस्टरांसाठी आज तो पहिला उपचार नाही, आणि ‘हमखास’ हा शब्द पीटीएसडीच्या, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताच्या आजाराच्या, बाबतीत कुणालाही वापरता येत नाही. तुमच्या पत्रात गोळ्या आहेत, मशीन आहे, पेग आहेत. त्या अपघाताबद्दल कुणी प्रशिक्षित माणूस त्यांच्यासमोर बसून, आठवड्यामागून आठवडे, नीट बोलला आहे का, हे मात्र कुठे दिसत नाही. माझ्या मते सगळा प्रश्न तिथे अडला आहे.

तुम्ही लिहिलेली लक्षणं पीटीएसडीशी जुळतात. प्रसंग पुन्हा पुन्हा अंगावर येणं, त्याची आठवण करून देणाऱ्या जागा टाळणं, मन कोरडं किंवा अपराधी होणं, अंग सतत सावध राहणं, असे त्याचे चार धागे. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत त्यातल्या अपराधीपणाकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. गाडी ते चालवत होते आणि मित्र गेला. दोन वर्षं माणूस हे कुणाशी न बोलता पोटात घेऊन फिरतो, तेव्हा मुलांवरच्या खेकसण्यामागेही बऱ्याचदा तेच असतं.

आता मशीनबद्दल. क्लिनिकने सुचवलेल्या या चुंबकीय उपचाराला टीएमएस म्हणतात. यात डोक्यावर एक कॉइल (तारेचं वेटोळं) धरायची आणि तिच्यातून अतिशय वेगाने बदलणारा विद्युतप्रवाह सोडायचा. त्यातून तयार होणारं चुंबकीय क्षेत्र कवटीतून आरपार जातं आणि खालच्या मेंदूच्या पृष्ठभागात अगदी छोटा विद्युतप्रवाह निर्माण करतं. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युत-चुंबकीय प्रवर्तन ते हेच, जे आपण शाळेत शिकलो. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्ड इथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी ते पहिल्यांदा माणसाच्या मेंदूवर करून दाखवलं. क्षेत्राची ताकद एमआरआय मशीनच्या जवळपास असते, पण ती क्षणभर आणि छोट्याशा भागापुरती. भूल नाही, दाखल होणं नाही. माणूस जागा असतो, खुर्चीत बसलेला असतो, टक-टक आवाज येतो म्हणून कानात बोळे घालतात. शॉक उपचारात, म्हणजे ईसीटीत, भूल देऊन मुद्दाम फिट आणतात. इथे फिट येऊ नये याचीच सगळी काळजी घेतली जाते. दोन्हींची गल्लत करून घाबरू नका. शॉक उपचारही योग्य रुग्णाला जीवदान देतो, पण तो आजचा विषय नाही.

पीटीएसडीत याचा उपयोग का व्हावा? मेंदूच्या आत खोलवर अमिग्डाला नावाचा भाग असतो. धोका ओळखून आरडाओरडा करणं हे त्याचं काम. या आजारात तो ऊठसूट ओरडतो आणि कपाळामागचा मेंदूचा भाग त्याला आवरायला कमी पडतो. नेहमीच्या कॉइलचा परिणाम पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोहोचतो, त्यामुळे अमिग्डालापर्यंत थेट जाता येत नाही. पण वाड्याच्या दिंडीदरवाजावर थाप मारली की माजघरातल्या माणसाला कळतं, तसं कपाळामागच्या भागाला चाळवलं की त्याच्याशी जोडलेल्या आतल्या भागांपर्यंत परिणाम जातो. नैराश्यात बहुतेक वेळा डावी बाजू वेगाने, सेकंदाला १० स्पंदनांनी उत्तेजित करतात. पीटीएसडीत अभ्यासकांनी जास्त भर उजव्या बाजूवर दिला. गंमत अशी की सेकंदाला एक असा संथ वेग मेंदूला शांत करतो आणि १० चा वेग चेतवतो असं मानलं जातं, तरी उजव्या बाजूला दोन्ही वेगांनी काही रुग्णांना फायदा झाल्याचे अभ्यास आहेत. म्हणजे नेमकं काय घडतं, याचं चित्र शास्त्राच्या हातात अजून पूर्ण आलेलं नाही. जो डॉक्टर हे तुम्हाला मोकळेपणाने सांगेल, त्याच्यावर जास्त विश्वास ठेवा.

‘सैनिकांवर यशस्वी’ या वाक्याकडे मी जरा सविस्तर येते. खडकी, वानवडी, देहूरोड भागातल्या माजी सैनिकांच्या घरांतूनही मला हाच प्रश्न विचारला जातो. मोठे अभ्यास खरोखरच मुख्यतः अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर झाले आहेत, पण त्यांचे निकाल एका सुरात बोलत नाहीत.

चांगल्या बाजूने बोलणारा एक महत्त्वाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात युद्धावरून परतलेले १०३ जण होते. सगळ्यांना सीपीटी ही पीटीएसडीसाठीची विचारांवर काम करणारी थेरपी दिली. प्रत्येक थेरपी सेशनच्या आधी अर्ध्या लोकांना उजव्या बाजूला संथ टीएमएस दिलं आणि बाकीच्यांना खोटं, म्हणजे आवाज आणि स्पर्श तसाच पण परिणाम नाही असं. खरं टीएमएस मिळालेल्यांची लक्षणं जास्त कमी झाली आणि तो फरक सहा महिन्यांनीही टिकून होता. पण हे यश एकट्या मशीनचं नव्हतं. मशीन आणि थेरपी लागोपाठ दिल्याचं ते यश होतं. माहितीपत्रकात नेमका हाच भाग गळालेला असतो.

दुसरा अभ्यास २०१९ चा, ५० माजी सैनिकांवर. त्यात ‘थीटा बर्स्ट’ नावाची, थोड्या वेळात स्पंदनांचे झुबके देणारी पद्धत उजव्या बाजूला वापरली. दोन आठवड्यांत लोकांच्या रोजच्या वागण्या-जगण्यात आणि नंतर नैराश्यात सुधारणा दिसली. आशादायक, पण छोटा अभ्यास.

आता दुसरी बाजू. २०२१ मध्ये खोलवर पोहोचणाऱ्या विशिष्ट कॉइलचा, अनेक केंद्रांवर केलेला अभ्यास आला. त्यात रुग्णाला आधी थोडक्यात त्या प्रसंगाची आठवण करून देत आणि मग टीएमएस देत. दोन्ही गट सुधारले, पण खोटं टीएमएस मिळालेला गट जास्त सुधारला. ज्यांनी या उपचारावर आशा ठेवली होती त्यांच्यासाठी हा मोठा धक्का होता. त्याआधी २०१८ मध्ये, अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत, गोळ्यांना दाद न देणारं नैराश्य असलेल्या १६४ जणांवर टीएमएस तपासलं गेलं होतं. त्यांतल्या बऱ्याच जणांना पीटीएसडीही होता. खरं टीएमएस मिळालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के नैराश्यातून बाहेर आले, खोटं मिळालेल्यांपैकी सुमारे ३७ टक्के. हा फरक नगण्य आहे. रोज ठरलेल्या वेळी घराबाहेर पडणं, कुणीतरी आपुलकीने खुर्चीत बसवणं, ‘आज कसं वाटतंय’ विचारणं, याचाच केवढा परिणाम होतो ते यातून दिसतं. त्या आपुलकीला मी कमी लेखत नाही. फक्त ती मिळवायला एवढं महागडं मशीन लागत नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने आणि संरक्षण खात्याने २०२३ मध्ये काढलेल्या पीटीएसडीच्या मार्गदर्शक सूचनांत टीएमएसच्या बाजूने किंवा विरोधात शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच सूचना आघातावर थेट काम करणाऱ्या थेरपीला गोळ्यांच्याही वर ठेवतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, टीएमएसला नैराश्यासाठी २००८ मध्ये आणि ओसीडीसाठी (नको ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) २०१८ मध्ये मान्यता दिली, पीटीएसडीसाठी दिलेली नाही. क्लिनिकवाले ‘एफडीए मान्यताप्राप्त’ म्हणतील तेव्हा ‘कोणत्या आजारासाठी?’ एवढं विचारा.

आता तुमच्या मिस्टरांच्या तब्येतीकडे येते. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात अशा चार गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात, आणि त्या क्लिनिकने त्या विचारल्या का, हे मला जाणून घ्यायचं आहे.

पहिली, डोक्याचा मार आणि बेशुद्धी. टीएमएसचा सगळ्यात गंभीर धोका म्हणजे आकडी, फिट येणं. नियम पाळून उपचार केला तर तो फार कमी असतो, हजारात एकाहूनही कमी रुग्णांना. पण मेंदूला इजा झालेल्या माणसात तो वाढतो. त्या वेळचा सीटी स्कॅन, डिस्चार्ज कार्ड आणि नंतर कधी फिट आली होती का, ही माहिती मशीन सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या टेबलावर हवी. शिवाय मेंदूला मार लागल्यावरही चिडचिड, झोपमोड, विसराळूपणा येतो. त्यांच्या त्रासातला कोणता भाग पीटीएसडीचा आणि कोणता माराचा, हे एकदा न्यूरोलॉजिस्टकडून तपासून घ्यायला हवं.

दुसरी, गालातली प्लेट. डोक्यात किंवा चेहऱ्यात चुंबकाला ओढला जाणारा धातू असेल, मेंदूच्या रक्तवाहिनीवर क्लिप असेल, कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, तर टीएमएस देत नाहीत किंवा फार जपून विचार करतात. चेहऱ्याच्या प्लेट्स बहुतेक टायटॅनियमच्या असतात आणि त्यांचा सहसा अडसर होत नाही. पण ‘बहुतेक’वर विसंबू नका. ऑपरेशन झालेल्या रुग्णालयातून इम्प्लांटची नोंद मागून घ्या. दातातल्या साध्या फिलिंगची काळजी करण्याचं कारण नाही.

तिसरी, दोन पेग. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण मध्यरात्रीनंतर ती तुटते, आणि स्वप्नं पहाटेच्या बाजूला जोर धरतात. पिण्याचं प्रमाण वाढत गेलं आणि मग ती अचानक तोडली, तर त्यानेही फिट येऊ शकते. टीएमएस चालू असताना एखाद्या दिवशी जास्त पिणं, एखाद्या दिवशी अजिबात न पिणं आणि रात्रभर जागरण, हे सगळं एकत्र येणं मला अजिबात नको असतं. शिवाय क्लोनाझेपाम आणि दारू एकाच रात्री घेणं टीएमएस असो वा नसो धोक्याचंच आहे. दोन्ही श्वास मंदावतात. दोन्ही एकत्र घेणं आजच थांबायला हवं, पण दमदाटी करून नको. डॉक्टरांना खरं सांगून.

चौथी, क्लोनाझेपाम. पीटीएसडीत या गटातल्या गोळ्या टाळाव्यात असं सगळ्या मोठ्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यांनी तात्पुरतं बरं वाटतं, पण भीती विरून जायला मेंदूला जे नव्याने शिकावं लागतं, त्यात त्या आड येतात. त्या चालू असताना टीएमएसचा गुण कमी येतो, असंही नैराश्याच्या रुग्णांत दिसलं आहे. मात्र ही गोळी एका रात्रीत बंद करू नका. डोस आठवड्या-आठवड्याने उतरवतात, नाहीतर त्यातूनही फिट येऊ शकते.

सर्ट्रालिनबद्दल थोडक्यात. या आजारासाठी ते योग्य औषध आहे, पण ५० मिलिग्रॅम हा बहुधा सुरुवातीचा डोस असतो, तो सोसेल तसा २०० पर्यंत नेता येतो आणि पुरेशा डोसवर दोन-तीन महिने थांबून मग निकाल ठरवतात. दोन वर्षं ५० वरच थांबणं आणि मग ‘गोळ्यांनी गुण येत नाही’ म्हणून मशीनकडे जाणं, हे मला पटत नाही. डोस स्वतः वाढवू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आणि आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहिलं ते. आघातावर थेट काम करणाऱ्या थेरपीचे तीन प्रकार उत्तम तपासले गेले आहेत : एडना फोआ यांनी विकसित केलेलं प्रोलाँग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना आणि जागांना पायरीपायरीने सामोरं जाणं), वर उल्लेख आलेलं सीपीटी आणि फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ मध्ये सुरू केलेलं ईएमडीआर (प्रसंग आठवताना डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करवून घेणं). साधारण आठ ते पंधरा सेशन्स, आठवड्याला एक. ‘मन मोकळं करा, सकारात्मक राहा’ असं समुपदेशन म्हणजे ही थेरपी नव्हे. पीटीएसडी असलेल्या बऱ्याच जणांना असं समुपदेशनच मिळालेलं असतं आणि ‘काउन्सेलिंग करून झालं’ असं ते सांगतात.

तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत ती कशी दिसेल ते सांगते. आज ते हिंजवडीला जायला महामार्ग सोडून सिंहगड रोड, कर्वे रोड, औंध असा वळसा घेत असणार. प्रत्येक वळशाने त्या दिवसापुरतं हायसं वाटतं आणि ‘महामार्ग म्हणजे मरण’ ही मनातली नोंद आणखी पक्की होते. थेरपीत थेरपिस्ट त्यांच्याबरोबर एक जिना आखतो. पहिल्या पायरीला कदाचित रविवारी सकाळी सर्व्हिस रोडवर कुणाबरोबर तरी उभं राहून वाहतूक बघायची, धडधड उतरेपर्यंत. मग रिक्षातून वडगाव पूल ओलांडायचा. मग वारज्याहून चांदणी चौकापर्यंत बसने. मग शेजारच्या सीटवर बसून कात्रज बोगद्याकडून तो उतार उतरायचा, दिवसाउजेडी. स्टेअरिंग सगळ्यात शेवटी. पायरी न झेपणं हेही यात धरलेलं असतं. तेव्हा एक पायरी खाली येऊन पुन्हा करायचं. त्या उतारावर अपघात होतात हे खरंच आहे, आणि थेरपिस्ट ते नाकारत नाही. सावध राहायचं कसं आणि घाबरून थांबायचं कधी नाही, हे वेगळं करायला शिकवतो.

दुसरीकडे सेशनमध्ये तो प्रसंग, डोळे मिटून, वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगायचा असतो. ऐकायला हे क्रूर वाटतं. घरचे लोक म्हणतात, ‘डॉक्टर, खपली कशाला काढता?’ पण इतकी वर्षं हे काम करताना मी पाहिलं आहे की चौथ्या-पाचव्या वेळी सांगताना माणसाला असे तपशील आठवतात जे त्याने कधी मनात येऊच दिले नव्हते. ट्रक मागून आला होता. ब्रेक आपण दाबला होता. वळायला जागाच नव्हती. ‘माझ्यामुळे गेला’ हे वाक्य तिथे पहिल्यांदा तपासलं जातं. कोणतीही कॉइल ते वाक्य तपासू शकत नाही. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत स्वप्नं थोडी वाढू शकतात, त्याची घरच्यांनी तयारी ठेवावी. दोन वर्षं झाली म्हणून उशीर झाला असं समजू नका. दहा-वीस वर्षांनंतरही या थेरपीने लोक बरे होतात.

मग टीएमएस कधी? डोस आणि थेरपी दोन्ही प्रामाणिकपणे करून झालं, तरी नैराश्य इतकं जड आहे की माणूस अंथरुणातून उठत नाही, थेरपीला बसायचं बळ नाही, किंवा दुष्परिणामांमुळे गोळ्या घेता येत नाहीत, अशा वेळी मी त्याचा गंभीरपणे विचार करते. थेरपीबरोबर करते, थेरपीऐवजी नाही. नैराश्यासाठी त्याचा पुरावा भक्कम आहे. कॅनडात ४१४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात तीन मिनिटांचं थीटा बर्स्ट हे साडेसदतीस मिनिटांच्या जुन्या पद्धतीइतकंच गुणकारी ठरलं, त्यामुळे वेळही कमी लागतो. दुष्परिणाम बहुतेकदा डोकं दुखणं आणि कॉइलखालच्या जागी टोचल्यासारखं होणं एवढेच, आणि ते पहिल्या आठवड्यात कमी होतात.

करायचंच ठरलं तर क्लिनिकमध्ये आधी एवढं बघा. पहिल्या दिवशी अंगठा हलतो ती पातळी शोधून ताकद ठरवतात, ती डॉक्टर स्वतः मोजतात का? फिट आली तर सांभाळायला प्रशिक्षित माणूस आणि ऑक्सिजन खोलीत आहे का? सुरुवातीला आणि दर दोन आठवड्यांनी पीसीएल-५ ही २० प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात का? तिचे गुण ० ते ८० असतात, आणि साधारण १० गुणांची घट ही खरी सुधारणा मानतात. ‘बरं वाटतंय ना?’ यावर विसंबून ३० सेशन्स कुणी करू नयेत. सगळ्या सेशन्सचे पैसे आगाऊ भरू नका. मधे सोडलं तर परतावा काय, हे लिहून घ्या. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढून ‘खास तुमच्या मेंदूसाठी’ वेग ठरवतो असं कुणी म्हणालं, तर त्याने पीटीएसडीत जास्त गुण येतो असा ठोस पुरावा नाही, हे लक्षात असू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची पूर्ण माहिती मागण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे, तेव्हा विचारायला संकोच नको. आणि आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे जायचं आहे. क्लिनिक महामार्गाच्या पलीकडे असेल तर ते जाणार कसे, याचाही विचार पैसे भरायच्या आधी करा.

येत्या आठवड्यात तुम्ही तीन कामं करा. डिस्चार्ज कार्ड, सीटीचा रिपोर्ट आणि इम्प्लांटची नोंद एका फाइलमध्ये लावा. त्यांच्या मनोविकारतज्ज्ञांना भेटून पेगबद्दल खरं सांगा आणि सर्ट्रालिन, क्लोनाझेपामचं काय करायचं ते विचारा. आणि वर सांगितलेल्या तीनपैकी एका थेरपीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा. फोनवरच विचारा, ‘पीटीएसडीसाठी नेमकं काय करता?’ उत्तरात प्रसंगावर थेट काम करण्याचा उल्लेख आला तर वेळ घ्या.

‘मी तिथेच मेलो असतो तर बरं झालं असतं’ असं काही ते बोलत असतील किंवा तुम्हाला तशी शंका असेल, तर थेरपिस्ट मिळेपर्यंत थांबू नका. थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार मनात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. होकार आला तर गोळ्या आणि दारू तुमच्या ताब्यात घ्या, त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येतं आणि तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता.